कढीपत्त्याची पानं कोण खातंय?

गच्चीवाली:
कुंडीतला कढीपत्ता चार दिवसांत नुसत्या काड्या झालाय, कोवळी पानं तर सगळी गायब. उलटसुलट करून बघितलं, अळी कुठेच नाही, दोन पानांवर चिमणीची शीट तेवढी दिसली. रात्री गोगलगाय येत असेल का? फवारू काय?

मातीतले हात:
ती शीट नीट बघा हो, काडीने हलकेच टोचा 😄 लिंबू-कढीपत्त्यावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब शीटेसारखीच दिसते, काळपट तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा. मोठी झाली की हिरवीगार होते, मग तर अजिबातच सापडत नाही. खाली काळ्या लेंड्या पडल्यात का बघा, पडल्या असतील तर बरोब्बर त्याच्या वरची फांदी शोधायची. आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते, उग्र वास येतो, पण चावत वगैरे नाही.

गच्चीवाली:
अय्या, खरंच हलली!! तीन निघाल्या. आता?

बाल्कनी बाग:
औषध नको, खायचा पाला आहे. मी तर एक जास्तीचं रोप ठेवलंय, सगळ्यांना तिकडे नेऊन सोडते, भाजीला मुलं हात लावत नाहीत पण अळ्यांना पाला घालायला पळत येतात. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, त्याच्याही अळ्या लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात.

मातीतले हात:
कोवळ्या शेंड्यांवर पिवळट गोल अंडी दिसली तर तीही बघून ठेवा, एकेक सुटी घातलेली असतात.