पणजीत सोमवारची एकच रात्र: जेवायला कुठे? (उद्यापर्यंत सांगा)

अनुराधा:

नमस्कार मंडळी,

आम्ही ८ डिसेंबरला संध्याकाळी मोपा विमानतळावर उतरतोय. मुक्काम पणजीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मडगावहून गोकर्णची गाडी. म्हणजे गोव्यातलं जेवण एकच, तेही रात्रीचं. बरोबर सासूबाई, हे, मुलं, नणंद आणि तिचे यजमान. सगळे मासे खाणारे. सासूबाईसुद्धा. पण ८ तारखेला सोमवार आहे आणि सोमवारी त्या माशाला शिवत नाहीत.

त्यांचं म्हणणं, उपास नाही, पोटभर जेवणार, पण जे जेवेन ते इथलं असू दे. हॉटेलांचे मेनू बघितले तर शाकाहारी म्हणून पनीर बटर मसाला आणि व्हेज कढाई. त्याला गोवा कशाला हवा? त्या गोव्यात पहिल्यांदाच येतायत आणि त्यांचे गुडघे बघता पुन्हा येणं कठीण दिसतंय. म्हणून ही रात्र नीट व्हायला हवी. सगळे एका टेबलावर, आणि जिना नको.

श्रीपाद, तू तिथेच आहेस म्हणून मुद्दाम तुला विचारतेय. बाकीच्यांनीही सांगा.

संजय:

रिट्झ क्लासिक, १८ जून रस्ता. फिश थाळी घ्या, वर इसवण (सुरमई) फ्राय. दुसरीकडे बघूच नका.

मेधा:

संजय, सोमवार लिहिलाय तिने. आणि थाळी हा गोव्यात दुपारचा कारभार. सकाळी बाजारात आलेलं मासळीचं टोपलं दुपारी ताटात. रात्री बहुतेक ठिकाणी वेगवेगळे पदार्थ मागवावे लागतात, मग ताटाची ती मजा राहत नाही. थाळीच्या नादात रात्रीचं जेवण ठरवू नये.

अनुराधा, फोंतेन्हासमध्ये जा, पणजीची जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती. रात्री तिथल्या गल्ल्यांतून दिव्यांच्या उजेडात चालण्यासारखं पणजीत दुसरं काही नाही. व्हेनिते आहे, छोट्या छोट्या बाल्कनीत बसून जेवता येतं.

नीलम:

मेधा, व्हेनितेला लाकडी जिना चढून जावं लागतं! गुडघ्यांचं लिहिलंय ना तिने.

अनुराधा, माझा प्रश्न वेगळा आहे. सासूबाईंना तळणीचं तेल आणि तवा वेगळा लागतो का? कारण ज्या तव्यावर रव्यातले बांगडे उतरतात त्याच तव्यावर वांग्याचे काप टाकतात. गणपतीच्या वेळी मंडळाच्या स्वयंपाकघरात यावरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हे आधी स्पष्ट करून घे, नाहीतर टेबलावर बसल्यावर अडचण.

आणि सोमवारच आहे तर मंगेशीला का नाही जात? सोमवारी संध्याकाळी आरतीच्या आधी पालखी असते. सासूबाईंना त्याहून मोठं काय हवंय?

विनायककाका:

मंडळी, एक साधी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. मोपा आहे पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला. पणजीला जायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्याच वेळात उत्तरेला सावंतवाडी गाठता येते. आमच्याकडे सोमवारी घराघरांत शाकाहारीच असतं, त्यामुळे खानावळवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, सोलकढी. गोव्यातली हॉटेलं जे 'गोवन करी' म्हणून विकतात ते अर्धंअधिक आमच्याच बाजूचं आहे, यावर मी कोजागिरीलाही बोललो होतो. राहा सावंतवाडीला, सकाळी तिथूनच गाडी पकडा.

अनुराधा:

काका, गोकर्णला जायचंय, दक्षिणेला. सावंतवाडीला राहिलो तर तेवढा रस्ता पुन्हा उलटा. हॉटेलही पणजीचं झालंय, पैसे भरलेत.

नीलम, तेलाचं एवढं नाही त्यांना, तवा घासलेला असला की झालं. पण रस्सा वेगळा हवा. मंगेशीचं आम्हालाही सुचलं होतं, पण विमान उतरेपर्यंत पालखी होऊन जाईल.

श्रीपाद:

अनुराधाताई, फोंड्याला बाजाराच्या गडबडीत होतो, म्हणून उशीर.

आधी एक महत्त्वाचं. ८ डिसेंबर म्हणजे पणजीच्या चर्चचं फेस्त, वार्षिक सण. चर्चच्या पायऱ्यांसमोर आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर दुकानं लागतात, खाजे, चणे, खेळणी, आणि संध्याकाळी पणजीचा अर्धा गाव तिथे असतो. फोंतेन्हास त्याच बाजूला. एरवी मीही तुम्हाला व्हिवा पणजीचं नाव सांगितलं असतं, जुन्या घरात आहे, गल्लीतच टेबलं मांडतात. पण त्या रात्री गाडी आत जाणार नाही, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी गर्दीतून दगडी गल्ली चालायची म्हणजे जेवणाआधीच माणूस थकणार. मेधाताई, तुमचं फोंतेन्हास दुसऱ्या कुठल्याही रात्री बरोबर.

आता सोमवारचं. गोव्यात सोमवारी न खाणारी घरं पुष्कळ, माझंही त्यातलंच. म्हणून शाकाहारी स्वयंपाक आमच्याकडे कमी आहे असं कुणी समजू नये. तो घरात आहे, देवळात आहे, हॉटेलच्या मेनूवर नाही, इतकंच. पर्यटक मासे मागतो, हॉटेलवाला मासे ठेवतो. न खाणाऱ्या पर्यटकाला पनीर पुरतं, म्हणून पनीर. खतखतं कुणी मागितलंच नाही तर पाच भाज्या चिरून कोण बसेल?

त्यामुळे मेनू वाचून हॉटेल ठरवू नका. आदल्या दिवशी फोन करा आणि विचारा, उद्या रात्री खतखतं कराल का? अळसांद्याचं तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी)? मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची)? समोरून "करतो, पण आजच सांगा" असं आलं तर ती जागा तुमची. "व्हेज शाकुती आहे" (शाकुती म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा) असं चटकन आलं तर एक प्रश्न आणखी विचारा: रस्सा वेगळा करता की तयार रश्शात भाजी घालता? हे विचारायला लाजू नका. माझ्या आईला पणजीतल्याच एका नावाजलेल्या ठिकाणी सोमवारी शाकाहारी म्हणून जे वाढलं, त्या वाटीत फ्लॉवरच्या तुऱ्यांत बांगड्याचा काटा निघाला. हुमणातला, म्हणजे माशाच्या आमटीतला, रस्सा काढून त्यात भाजी सोडली होती. आई काही बोलली नाही, हात धुवून बसून राहिली. आम्ही सगळे ताटावर होतो, कुणाला घास गेला नाही. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय सोमवारी कुठे पाय ठेवत नाही.

माझं मत विचाराल तर मिरामारचं मम्स किचन. आया-आज्यांच्या हातच्या पाककृती गोळा करून त्यांनी ते चालवलंय, हिंदू घरातलं आणि ख्रिस्ती घरातलं दोन्ही तिथे भेटतं. म्हणजे तुम्हाला काफ्रेआल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी), मुलांना सुंगटांची (कोळंबीची) करी, आणि सासूबाईंना त्यांचं. फेस्ताच्या गर्दीपासूनही लांब. फोनवर सांगताना खालचंच टेबल मागा आणि वेळ आठच्या आसपासची ठेवा.

खतखतं आलं की एक बघायला सांगा सासूबाईंना. त्यात तिरफळं असतात. आतली काळी बी काढून टाकायची असते, नुसतं टरफल जरासं ठेचून शेवटी सोडतात. ते वाटलेलं नसावं आणि बी त्यात राहिलेली नसावी. बी दाताखाली आली तर कडू आणि वाळूसारखी. आणि तिरफळाचा वास वाफेबरोबर वर यायला हवा, मसाल्याखाली दबलेला नको. एवढं असलं तर स्वयंपाकघरात जाणतं माणूस आहे. मग बाकी जेवण बिनघोर मागवा.

विनायककाका:

तिरफळं आमच्याकडेही घालतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर तो तिखलाच नव्हे. हे फक्त गोव्याचं म्हणून सांगू नये.

श्रीपाद:

काका, मान्य. तिरफळाला सीमा नाही. पण मालवणी मसाल्यात धने, लवंग, बडीशेप असं बरंच भाजून कुटतात, आणि आमच्या हुमणात ओल्या नारळाबरोबर मिरची, धने, हळद, चिंच एवढंच वाटतो. चव तिथे वेगळी होते. तुमच्याकडचं मी आवडीनं खातो, पण अनुराधाताईंना गोव्याचं हवंय.

संजय:

मुलांचं कुणी बघतच नाहीये. मोठी माणसं तिरफळं हुंगत बसतील, पोरांना आठवणीत राहील ते रोस ऑम्लेट. गाड्यावरच मिळतं, संध्याकाळनंतर. ऑम्लेटवर शाकुतीचा गरम रस्सा, वरून कांदा-कोथिंबीर, लिंबू, आणि बुडवायला पाव. हॉटेलच्या जवळ गाडा कुठे लागतो ते रिसेप्शनवर विचारून घ्या. जेवणाआधी दोघांत एक प्लेट, भूक मरणार नाही.

मेधा:

संजय, हे मात्र खरं सांगितलंस. आणि पाव पोदेराचाच, म्हणजे पाववाल्याचाच हवा. माझ्या मावशीकडे पणजीजवळच्या सांताक्रूझला संध्याकाळी सायकलचा भोंगा ऐकला की आम्ही पिशवी घेऊन धावायचो. काट्रे पाव पहिला संपायचा, गोल, कडक कवचाचा उंडो मागे राहायचा, आणि मावशी म्हणायची रश्शाला उंडोच बरा. शाकुती पावाशीच खा, चपाती मागू नका.

नीलम:

रोस ऑम्लेटचा रस्सा कोंबडीचा असतो हे लक्षात ठेव, अनुराधा. सासूबाईंसमोर गाड्यावर उभं राहून सोमवारी ते करू नका. मुलांना घेऊन यजमानांनी वेगळं जावं.

अनुराधा:

सगळ्यांचे आभार. मम्स किचनला फोन केला. जे उत्तर आलं त्यावरून आज सांगितलेलं बरं झालं: खतखतं आणि तोंडाक दोन्ही करून ठेवतो म्हणाले, भाजीचा रस्सा वेगळा. टेबल आठ वाजता. सासूबाईंना तिरफळाच्या बियांचं सांगितलं, त्यांनी लगेच नणंदेला फोन लावून ते पुढे सांगितलं.

काका, परतीच्या वेळी सावंतवाडी नक्की, तेव्हा आंबोळीचं ठिकाण तुम्हीच सुचवा. श्रीपाद, टॅक्सीचं काय? मोपाहून पणजी, मग मिरामार, रात्री परत, आणि सकाळी मडगाव.

श्रीपाद:

ताई, गोव्यात उबर-ओला नाहीत, त्या भरवशावर उतरू नका. मोपाला टॅक्सीचं काउंटर आहे, नाहीतर गोवामाइल्स, हे तिथलं टॅक्सीचं ॲप. सगळ्यात बरं म्हणजे एकच मोठी गाडी मोपापासून रात्रीच्या परतीपर्यंत ठरवा, थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. मिरामारला जाताना मांडवीकाठचा रस्ता नको, तिथे कॅसिनोंच्या गाड्या आणि त्या रात्री फेस्ताची गर्दी. ड्रायव्हरला सांतिनेजवरून घ्यायला सांगा. मडगावसाठी त्यालाच सकाळी बोलवा, तासभर हातात ठेवा.

विनायककाका:

अनुराधा, आंबोळीचं ठिकाण सांगतो, पण ते रविवारी बंद असतं. तुमची परतीची तारीख कुठली?