सिस्कोचा नकार आणि नॉग

'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' या अंतराळ स्थानकावरच्या मालिकेतला स्थानकप्रमुख सिस्को नॉग या पोराशी उगाच कठोर वागला, असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. १९९५ चा तो भाग आठवा. नॉग हा फेरेंगी, म्हणजे नफ्यालाच सर्वस्व मानणाऱ्या परग्रहवासीयांतला पोरगा, लॅटिनमची (त्यांच्या चलनाची) थैली पुढे करून स्टारफ्लीट या अंतराळ दलाच्या अकादमीसाठी शिफारस मागतो. सिस्को हो म्हणत नाही, पण हाकलूनही देत नाही. त्याला मालखोलीतल्या सामानाची मोजदाद करायला लावतो. तिथे मौल्यवान वस्तू मुद्दाम ठेवलेल्या असतात. नॉग काम चोख करतो आणि एकही वस्तू गायब होत नाही.

तरीही सिस्को त्याला तोंडावर नकार देतो, धरून खडसावतो: का जायचंय तुला तिथे? तेव्हा कुठे नॉगच्या तोंडून खरं बाहेर पडतं. बाप यंत्रांतला जादूगार, पण फेरेंगी रीत म्हणून धंद्यात पडला आणि तिथे त्याला काही जमलं नाही. नॉगला तसं व्हायचं नाही. नॉग साकारणाऱ्या ॲरन आयझेनबर्गने हे काय ताकदीने केलंय! आवाज फुटतो, पण पोरगा नजर हटवत नाही.

लगेच शिफारस मिळाली असती, तर हे त्याने स्वतःशी तरी कबूल केलं असतं का? स्थानकाचा मुख्य अभियंता ओब्रायन याच्या हाताखाली तो काम शिकला ते पुढे, अकादमीचा कॅडेट म्हणून स्थानकावर परतल्यावर.