वास ओल्या कचऱ्याचा नाही, पाल्याच्या तुटवड्याचा

वर दोघांनी लिहिलंय की गल्लीतल्या सामायिक खतपेटीला वास यायला लागला आणि लोकांना शिस्त नसल्यामुळे असे उपक्रम बारगळतात. शिस्तीचं अर्धंच पटतं. वास येतो तो सुका पाला कमी पडल्यामुळे. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन-तीन बादल्या वाळका पाला लागतो (फाडलेला पुठ्ठाही चालतो, गुळगुळीत छपाईचा नको). पण कचरा रोज येतो आणि पाला मात्र पानगळीतच मिळतो. म्हणून पेटी बसवायच्या आधी पाल्याची पोती भरून ठेवा. त्यातलं एक पोतं तोंड उघडं करून कायम पेटीला खेटूनच असू द्या. दहा पावलं लांब ठेवलंत तर तिथवर कुणी जात नाही!

बिघाड नाकाने कळतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोचत नाहीय, ढीग उलथा आणि पाला मिसळा. झोंबरा, अमोनियासारखा आला तर पाला वाढवा. मूठभर माल घट्ट दाबून पाहा: एक-दोन थेंब ठीक, धार लागली तर फार ओलं. ढीग साधारण 1 मीटर लांब-रुंद-उंच हवा, फार लहान ढीग नीट तापतच नाही. आणि पेट्या तीन लागतात, एक भरायची, एक मुरायची, एक उपसायची. मुरणाऱ्या पेटीत कुणी नवा कचरा टाकू नये म्हणून तिला कुलूपच घाला, नुसत्या पाटीला कुणी जुमानत नाही. आठवड्याला एकदा उलथायची पाळी जोडीने लावा. एकट्याच्या नावावर असली की तो बाहेरगावी गेल्यावर ढीग तसाच पडून राहतो.