अनुभव धागा: तुमच्या घरात कुणी गोदावरी होती का?

चरईकर

मुलगी झाली. आज बाविसावा दिवस. बाराव्याला बारसं व्हायचं ते राहिलं, कारण बाळाला कावीळ निघाली आणि तीन दिवस ती निळ्या दिव्याखाली आणि मी काचेबाहेर. आता येत्या रविवारी ठरलंय. नाव मात्र ठरलेलं नाही.

शततारका, पहिलं चरण. अक्षर 'गो'. पुढच्या तीन चरणांना सा, सी, सू येतात. म्हणजे बाईसाहेब सहा-सात तास उशिरा आल्या असत्या तर सायली-सानिका काहीतरी ठेवून मोकळे झालो असतो. नणंदेने यादी काढली: गोपिका, गोमती, गोजिरी. नवरा म्हणाला, गोडबोले ठेवा. (अजून जिवंत आहे.)

मग आईने माळ्यावरून पणजीची तांब्याची घागर काढली. गळ्याजवळ ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, 'सौ. गोदावरी'. चिंचेने घासून घासून 'व' जवळजवळ गेलाय. बोट फिरवलं की 'गोदा' लागतं, मग गुळगुळीत, मग 'री'.

आईच्या वर्गात १९६८ साली इथेच ठाण्यात दोन गोदावरी होत्या. माझ्या वर्गात चार स्नेहल, तीन प्रियांका, गोदावरी एकही नाही. तेव्हा मंडळी, ज्यांच्या घरात हे नाव आहे किंवा होतं त्यांनी सांगा. हाक काय मारायचे, चिडवायचे का, नाव टिकलं का. 'ठेवू नकोस' म्हणणाऱ्यांचंही ऐकेन. सासूबाई त्याच पक्षात आहेत.

खारीगावचा नातू

माझी आजी. रेशनकार्डावर गोदावरी, घरात गोदी. आजोबा माझगाव गोदीत फिटर. दिवसभर एका गोदीत राबायचं आणि संध्याकाळी दुसरीच्या धाकात राहायचं, हे ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि आजी प्रत्येक वेळी तितकीच चिडायची. यापलीकडे नावाचा त्रास झाल्याचं ऐकिवात नाही.

निवृत्त मास्तरीण, नेरुळ

नाव नदीचं आधी, बाईचं नंतर. 'गो' म्हणजे गाय आणि 'दा' म्हणजे देणारी, असं सोपं करून सांगतात. पण संस्कृतात 'गो'चे पाणी, पृथ्वी, वाणी असेही अर्थ आहेत, त्यामुळे भांडायला जागा भरपूर. त्र्यंबकेश्वरची कथा गायीवरच बेतलेली. गौतम ऋषींनी शेतात शिरलेल्या गायीला दर्भाच्या काडीने हाकललं, ती मेली, आणि त्या पातकातून सुटायला त्यांनी ब्रह्मगिरीवर गंगा उतरवली. म्हणून ती गौतमीसुद्धा. आपल्या महाराष्ट्री प्राकृतात मात्र हिला 'गोला' म्हणत. गाथासप्तशतीतली प्रेमी माणसं या गोलेच्या काठच्या झुडपांत भेटी ठरवतात. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून 'बाई, बर्फाचा का?' ठरलेलं.

आता गंमत ऐका. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय, नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये. आणि आपल्याकडे बघाल तर वाड्यावाड्यात गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, भागीरथी. म्हणजे इथे मनूचं कुणी ऐकलं नाही! पण लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल होती, तिने बऱ्याच नद्या आटवल्या. तुमच्या शेजारच्या कल्याणची यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली, तीच १८८६ साली डॉक्टर झालेली आनंदीबाई जोशी. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांनी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई, त्या झाल्या आनंदीबाई कर्वे. एक यमुना आणि एक गोदा गेली, दोन आनंदी आल्या.

नाव ठेवायचं की नाही ते तुम्ही बघा. मी फक्त खडू हातात आला की थांबत नाही.

दिवा गाव, ऐरोली

दुर्मीळ कुठलं? आमच्या आळीत अजून तीन गोदाबाय आहेत. खाडीवरची, देवळापाशची आणि टीव्हीवाली. तिघीही सत्तरीच्या वरच्या, ते मात्र खरं.

ऐरोलीची लेक

माझ्या आईबद्दल लिहिते. लांबेल.

आई पंचवटीतली. माडीवरून घाट दिसायचा म्हणून गोदावरी, एवढं साधं. १९७१ साली लग्न होऊन पाचपाखाडीत आली. ताटात तांदूळ पसरले आणि बाबांनी अंगठीने 'शुभांगी' लिहिलं. बाबांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या आत्याचं नाव गोदावरी, आणि एका घरात एकाच नावाच्या दोघी नकोत असं आजोबांनी ठरवलेलं. आई सांगते, सासूबाईंनी हाताने तांदूळ सारखे केले, डब्यात परत ओतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच भात झाला. हे ती हसत सांगते. मला अजून हसू येत नाही.

चाळीस वर्षं ती शुभांगी. २०१२ ला बाबा गेले आणि कागद बाहेर पडले. शाळेचा दाखला आणि अकरावीचं प्रमाणपत्र गोदावरीच्या नावाने. बाबांच्या कंपनीच्या कागदावर वारस शुभांगी. नाशिकच्या सातबाऱ्यावर मामांच्या बरोबरीने परत गोदावरी. लग्नाची नोंद कुणी केलेलीच नव्हती, तेव्हा कोण करत होतं? एका कचेरीत खिडकीवरच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाला, "एकीच्या कागदावर दुसरीचं काम होत नाही. दोघींना घेऊन या."

आई म्हणाली, "दोघी आल्यात."

त्याला कळलं नाही. मला रिक्षात बसल्यावर कळलं.

मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात. टायपिस्टने नेहमीच्या सवयीने टाइप केलं, जुने नाव गोदावरी, नवीन नाव शुभांगी. आईने कागद वाचला आणि त्याच्यापुढे सरकवला. "उलटं करा." बासष्टाव्या वर्षी. मी तिला सांगत होते की आई, शुभांगीच ठेवलं तर बँक, आधार, विजेचं बिल, सगळं सोपं पडेल. तर म्हणे, सोपं म्हणून एकदा केलंच की.

पुढचं दीड वर्ष आम्ही नावं बदलत फिरलो, त्याबद्दल लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. सोसायटीत आजही सगळे शुभांगीकाकूच म्हणतात आणि तीही ओ देते. सही मात्र गोदावरी करते, 'री'ची वेलांटी पार मागे नेऊन.

चरईकर, नाव कुठलंही ठेवा. पुढे कुणी बदलायला लागलं तर हा किस्सा ऐकवा.

अठराव्या मजल्यावरून, घोडबंदर रोड

ऐरोलीची लेक, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

कोपरखैरणे, वय २२

हाय, मी स्वतः गोदावरी! २००३ च्या सिंहस्थात जन्मले. बाबा एसटीत ड्रायव्हर, कुंभमेळ्याच्या जादा गाड्यांवर ड्युटी, त्यामुळे माझं तोंड त्यांनी चौथ्या दिवशी पाहिलं. तोपर्यंत घरात 'श्रुती' ठरत आलं होतं. ते आले तेच म्हणाले, पंधरा दिवस जिच्या काठावर झोपलो तिचंच नाव ठेवायचं.

शाळेत त्रास झाला का, तर हो. तेव्हा मनमाडची गोदावरी एक्सप्रेस ठाण्याला थांबायची. हजेरीत माझं नाव आलं की मागून शिट्टी, आणि मी उशिरा पोचले की 'गाडी आज वीस मिनिटे विलंबाने धावत आहे.' सातवीपर्यंत रडायचे. आठवीत मीच स्वतः घोषणा करायला लागले, मग त्यांची मजा गेली.

आता उलट आहे. कॉलेजात पाच श्रेया, चार साक्षी, आणि मी एकटी, त्यामुळे प्राध्यापकांच्या लक्षात राहते (हे नेहमी चांगलं नसतं). मैत्रिणी गोदा म्हणतात. कॉफीच्या दुकानात कपावर मात्र कायम 'गोडा' लिहून येतं. मसाला.

एक कळकळीची विनंती, ताई. इंग्रजीत व्ही लिहायचा की डब्ल्यू ते पहिल्याच दिवशी ठरवा. माझ्या जन्मदाखल्यावर व्ही, दहावीच्या प्रमाणपत्रावर डब्ल्यू. इंटर्नशिपचे पहिले दोन महिने पगार अडकला होता एका अक्षरापायी.

वाशीची भागीरथी

ठेवू नका.

सगळे गोड गोड लिहिताहेत म्हणून मी लिहिते. आजीच्या हट्टापायी मी भागीरथी, वय ३८. प्रत्येक नव्या नोकरीत, मुलाच्या शाळेत, दवाखान्यात पहिलं वाक्य 'अय्या, किती जुनं नाव!' याला उत्तर काय द्यायचं असतं? तुमचं नवीन आहे, अभिनंदन? लग्न ठरवताना दोन ठिकाणांहून विचारलं होतं की मुलगी खरंच सत्त्याऐंशीची... अहो नाही, जन्मसाल सत्त्याऐंशीचं का, फोटो बघून विश्वास बसत नाही म्हणाले, नावावरून मोठी वाटली. जुन्या नावाचं कौतुक ठेवणाऱ्याला, ते वागवायचं दुसऱ्याने. मी ऑफिसात भाग्या म्हणून वावरते आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

सईची ताई, वर्तकनगर

भागीरथीताई, पटलं. तरी एक सांगते. माझ्या बहिणीचं नाव १९८१ साली सई ठेवलं तेव्हा निम्म्या लोकांनी विचारलं, 'साईबाबांचं का?' आणि उरलेल्यांनी, 'सई म्हणजे काय?' आई दर वेळी सांगायची, सई म्हणजे सखी, आणि शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई, त्या १६५९ साली राजगडावर वारल्या, तोच हा शब्द. शेवटी कंटाळून 'हो, साईबाबांचंच' म्हणायला लागली. आज भाचीच्या पाळणाघरात दोन सई आहेत, थोरली सई आणि धाकटी सई, आणि कुणी काही विचारत नाही.

माझं निरीक्षण असं की जुन्या नावांतली दोन अक्षरी तेवढी वर आली. सई, रमा, मुक्ता. आनंदी तीन अक्षरी असूनही आली, अर्थ गोड म्हणून. गोदावरी, भागीरथी यांना जिना चढायला दम लागतोय. 'गोदा' केलंत तर चढेल.

सीवूड्स

आमच्या शेजारच्या तमिळ आजी मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, रोज पहाटे एक पद म्हणतात. भिंत पातळ आहे त्यामुळे आम्हालाही पाठ झालंय, अर्थ न कळता. ती तीस पदं आंडाळची. बारा आळवार संतांतली एकटीच बाई. तुळशीच्या बागेत सापडलेली मुलगी, तिचं नाव कोदै, आणि संस्कृतात गोदा! मी म्हटलं, ही तर आमची नदी. आजी म्हणाल्या, नाही, आमच्यात 'गो' म्हणजे पृथ्वी, पृथ्वीने दिलेली ती गोदा. आणि कोदै म्हणजे फुलांचा हार. नाव एकच, गोष्टी दोन. दक्षिणेत हे नाव म्हातारं वाटत नाही, त्यांच्या नातीच्या वर्गात एक आहे.

तलासरीचा, हल्ली मुक्काम ठाणे

आमच्याकडे गोदावरी म्हटलं की नदी आठवत नाही, गोदूताई आठवतात. गोदावरी परुळेकर. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, आमच्या भागातले वारली चालत, मिळेल त्या वाहनाने तिथे गेले. मे महिन्यात आमच्या झरी गावात सभा झाली आणि वेठबिगारी बंद करायचं तिथे ठरलं. तेव्हा तलासरी-डहाणू ठाणे जिल्ह्यातच, पालघर वेगळा झाला २०१४ ला. त्यामुळे ठाण्याच्या माणसाने हे नाव नाशिकचं म्हणून सोडून देऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

माझ्या मोठ्या आत्याचं नाव गोदी, त्यांच्यावरूनच. आत्याला लिहिता येत नाही. आजोबांनी तिला सांगून ठेवलेलं, तुझ्या नावाची बाई मोठी वकिली शिकलेली आहे. ती अजून हे कुणालाही सांगते, भाजी घेताना सुद्धा.

चरईकर

सगळं वाचलं, दुपारच्या फीडिंगच्या वेळी एका हाताने. काल सासूबाईंनाही वाचून दाखवलं. 'दोघी आल्यात'पाशी त्यांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. मग म्हणाल्या, माझंही माहेरचं नाव वेगळं होतं. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली, त्यांच्या मुलालाही हे माहीत नव्हतं. काय नाव ते विचारलं तर 'राहू दे आता' म्हणाल्या आणि शेंगा परत सुरू. रविवारपर्यंत काढून घेईन.

वाशीच्या भागीरथीताई, तुमचं म्हणणं सगळ्यात जास्त डोक्यात राहिलं. म्हणून कागदावर गोदावरी, हाकेला गोदा. मोठी झाली आणि तिला तिसरंच काही हवं असेल तर तिचं ती ठरवेल.

जन्माची नोंद नावाशिवाय झालेली आहे, त्यात नाव घालायचा अर्ज आज भरला. व्ही लिहिलाय. दोनदा वाचून सही केली.

आणि एक विचारायचं होतं. भांड्यांवर ठिपक्यांनी नाव घालून देणारा कुणी अजून जांभळी नाक्याच्या बाजूला बसतो का? मशीनवाला नको, हाताने ठोकणारा हवा. घागरीवरचा 'व' भरून घ्यायचाय.