कंट्रोलमधल्या अळ्याही मरतायत, काय करू?

प्रश्न: कडुनिंबाच्या पानांचा मेथनॉल अर्क डासांच्या अळ्यांवर टेस्ट करतेय पण नुसतं सॉल्व्हंट (अर्क विरघळवणारा द्रव, इथे मेथनॉल) टाकलेल्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल कपातल्या अळ्याही मरतायत, मग रिझल्ट खरा धरायचा का?

उत्तर १: आधी मेथनॉल पूर्ण उडवा, मग उरलेला अर्क थोड्या डीएमएसओ या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवा आणि कंट्रोलमध्येही डीएमएसओ तेवढंच टाका. २४ तासांनी कंट्रोलमधली मर ५ ते २० टक्के असेल तर ॲबटचं १९२५ चं सूत्र (कंट्रोलमधली मर वगळून अर्कामुळे झालेली मर काढणारं) लावा, २० च्या वर गेली की तो प्रयोग बादच.

उत्तर २: एका डोसवर ‘प्रभावी’ लिहू नका प्लीज, फार वाईट वाटतं असं वाचून! चार-पाच डोस घेऊन एलसी ५० (निम्म्या अळ्या मारणारं अर्काचं प्रमाण) काढा.

उत्तर ३: ॲझाडिरॅक्टिन (कडुनिंबातलं कीटकांवर काम करणारं द्रव्य) पानांपेक्षा बियांत जास्त असतं, उजेडात मोडतं. शिवाय ते अळीची वाढ अडवतं, त्यामुळे कोष होईपर्यंत बघाच.