नवं छोटं पिस्तूल: ५० गोळ्यांत कळलं ते पिस्तुलाबद्दल की माझ्याबद्दल?

खटका_ओढू

काल शूटिंग रेंजवर नवीन आलेलं छोटं ९ मिमी पिस्तूल हातात मिळालं, मोजून ५० गोळ्या मारल्या आणि घरी येईपर्यंत डोक्यात तेच चालू होतं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये, नाव टाकलं की पुढचे चाळीस प्रतिसाद कोणाचं पिस्तूल भारी यावरच जातात. एवढंच सांगतो की २०१८ मधे सिग कंपनीचं पी३६५ आलं, एवढ्याशा मुठीत १० गोळ्या बसायला लागल्या आणि मग बऱ्याच जणांनी त्या मापाची काढली, त्यातलंच हे एक. नळी ८० मिमीच्या आसपास, रिकामं साधारण अर्धा किलो.

आधी चांगलं. दिसायला सुरेख, कडा गोल केलेल्या, मुठीवरचा खरखरीतपणा असा की घामेजल्या हातातही सरकत नाही. नेम धरायच्या साइट्स स्वच्छ दिसतात. ७ मीटरवर पहिल्या १० गोळ्या मुठीएवढ्या जागेत गेल्या, म्हटलं वा!

मग १० मीटरवर गेलो आणि सगळं बिघडलं. सगळ्या गोळ्या डावीकडे आणि खाली, एक वीतभर पसरलेल्या. माझ्या नेहमीच्या मोठ्या ९ मिमीवर याच अंतरावर बशीएवढा गट येतो. करंगळीला जागाच नाही, ती मॅगझिनच्या खाली नुसती लोंबकळते, त्यामुळे दर गोळीला पिस्तूल हातात फिरतं आणि पुन्हा मूठ बसवायला लागते. मॅगझिनमधे शेवटच्या दोन गोळ्या घालताना अंगठ्याचं नख पांढरं झालं. एकदा काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमधे (दर गोळीला मागेपुढे सरकणारा वरचा भाग) उभीच अडकली. दोनदा मॅगझिन संपलं तरी स्लाइड मागे थांबली नाही, मी आपला रिकाम्या पिस्तुलाचा खटका ओढतोय.

माझं मत: नवशिक्याने या मापाच्या वाटेला जाऊ नये, आणि हे पिस्तूल अजून नीट जमलेलं नाही. हे माझं वैयक्तिक मत. बोला आता.

जुनी_माशी

पहिल्या वाक्याशी सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही.

ही पिस्तुलं नेमबाजीसाठी नसतातच हो. घडीची छत्री असते ना, तसं आहे हे. जवळ बाळगायला सोपी म्हणून करतात, धो धो पावसात ती मोठ्या छत्रीसारखी चालत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही. आणि लहान पिस्तूल काय २०१८ ला जन्मलं नाही. वॉल्थर पीपीके १९३१ चं आहे. पण त्याचं ७.६५ चं काडतूस मवाळ होतं, ही मंडळी त्याहून हलक्या पिस्तुलात पूर्ण ताकदीचं ९ मिमी घालतात आणि मग लोकांना वाटतं हात का दुखतोय.

हिशोबच करा. ग्लॉक १७ पूर्ण भरलेलं ९०० ग्रॅमच्या पुढे जातं. तुमचं हे भरून सव्वासहाशेच्या आसपास असणार. गोळी तीच, दारू तीच, म्हणजे मागे येणारा रेटा तोच, पण पिस्तूल एक तृतीयांशाने हलकं. हाताला बसणाऱ्या झटक्याची ऊर्जा जवळपास दीडपट होते. हे कुठल्याही कंपनीला टळलेलं नाही.

पुंगळीवेचक

खटका, राग मानू नकोस पण तू पिस्तुलाचं परीक्षण नाही लिहिलंस, स्वतःचं लिहिलंयस.

एक एक घेऊ. स्लाइड शेवटी मागे थांबत नाही = तुझा उजवा अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडवून धरणारी कळ) बसलाय. मोठ्या पिस्तुलात ती कळ अंगठ्यापासून लांब असते, इथे अंगठ्याखालीच येते. पुंगळी उभी अडकली = मनगट सैल. स्लाइडला मागे जायला खालची बॉडी घट्ट धरलेली लागते, अख्खं पिस्तूलच मागे गेलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी वेळेत बाहेर फेकली जात नाही. छोट्यात स्लाइड हलकी आणि आखूड, स्प्रिंग कडक, चुकीला जागा कमी. करंगळी लोंबकळत होती हे तूच लिहिलंयस!

आणि डावीकडे खाली. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली गेल्या की पिस्तुलाला दोष द्यायच्या आधी आरशात बघावं. आवाज व्हायच्या क्षणभर आधी तू हात दाबतोयस, फ्लिंच म्हणतात त्याला. ५० गोळ्यांवर निकाल देऊ नये, किमान ५०० होऊ देत.

खटका_ओढू

@पुंगळीवेचक अंगठ्याचं मान्य, घरी आल्यावर रिकाम्या हाताने मूठ धरून बघितली, अंगठा बरोब्बर तिथेच येतो. पण ५०० गोळ्यांचा नियम कुठून आणला? हातात घेताक्षणी जे जाणवतं त्यालाही किंमत आहे की नाही? ५०० गोळ्यांनंतर माणूस सवयीने सगळं सहन करायला लागतो, चावणारी चपलसुद्धा महिन्याने चावत नाही, म्हणून काय ती आधी चावत नव्हती? आणि गट पसरला तो आखूड साइट्समुळे असं नाही वाटत तुला? पुढची माशी आणि मागची खाच यात अंतरच कमी.

पुंगळीवेचक

चपलेचं उदाहरण जमलंय, पण साइट्सचा हिशोब नाही जमत. तुझ्यात दोन साइट्समधे १३० मिमी धर, मोठ्यात १६५. माशी १ मिमी हलली तर १० मीटरवर छोट्यात ७७ मिमी चूक, मोठ्यात ६१. फरक १६ मिमी. म्हणजे नुसत्या साइट्सनी तुझी बशी थोडी मोठी बशी झाली असती. वीतभर व्हायला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी पिस्तुलाच्या मागे उभं होतं 😀

जुनी_माशी

हिशोब बरोबर पण अर्धा. छोट्यात तेवढीच चूक डोळ्याला कमी दिसते, म्हणून माणूस ती सुधारत नाही. मोठ्यावर तुम्हाला माशी हललेली दिसते, छोट्यावर सगळं ठीकच वाटतं आणि कागदावर भोक भलतीकडे. म्हणजे मूळ १ मिमीच छोट्यात १ राहत नाही.

चिंगी९

तुम्ही सगळे नवशिक्यांबद्दल बोलताय, मी नवशिकी आहे, सहाच महिने झालेत, तर माझंही ऐका.

माझा हात लहान आहे. मोठ्या पिस्तुलाची मूठ धरली की बोटाचं टोक जेमतेम खटक्याला पोचतं, मग मी अख्खी मूठ फिरवून बोट पोचवायचे आणि धक्का सरळ अंगठ्याच्या सांध्यावर बसायचा. रोज तिथे लाल. छोट्याची मूठ बारीक, बोट जिथे हवं तिथे सहज जातं आणि करंगळीसुद्धा बसते, माझी बसते बरं का! माझे गट छोट्यावर चांगले येतात. तेव्हा "नवशिक्याने जाऊ नये" हे नवशिक्याच्या हाताचं माप न विचारता कसं काय ठरवता तुम्ही लोक?

तक्रार माझी एकच, स्लाइड. ती ओढताना पहिल्या दिवशी रडू यायचं बाकी होतं. मग कोणीतरी सांगितलं की लांब हात करून ओढू नकोस, पिस्तूल छातीजवळ घे, तोंड टार्गेटकडेच ठेव, बोट खटक्याबाहेर, स्लाइड वरून सगळ्या बोटांनी पकड आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकल. ओढायची नाही, ढकलायची. त्या दिवसापासून प्रश्न मिटला.

जुनी_माशी

@चिंगी९ बरोबर, हाताचं माप हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नाही. वाक्य अर्धं मागे घेतो. धक्क्याबद्दलचं अर्धं ठेवतो.

दशमीटर

मी एअर पिस्तूलवाला, त्यामुळे तुमच्या जत्रेत पाहुणा. पण खटक्याबद्दल कोणीच काही लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

आमच्या १० मीटरच्या एअर पिस्तुलाला खटक्याचं किमान वजन ५०० ग्रॅम असतं, २५ मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलाला १००० ग्रॅम. तुमच्या या पिस्तुलांचा खटका अडीच किलोच्या घरात असतो आणि पिस्तूल स्वतः अर्ध्या किलोचं! स्वतःच्या वजनाच्या पाचपट जोराने एका बाजूने बोट ओढतंय आणि ते हलू नये अशी अपेक्षा आहे. एकदा मारून बघितलं होतं असलं एक, खटका आधी मोकळा, मग भिंत लागल्यासारखा, मग चिकट, मग एकदम सुटतो. त्या सुटण्यातच नळी डावीकडे जाते. मला फ्लिंच वगैरे पटत नाही, धाग्यात सगळे आवाजाला दोष देताहेत, मी बोटाला देईन. बोटाचं पहिलं पेर मधोमध ठेवा, सांध्याच्या घडीत खटका अडकवू नका आणि रोज दहा मिनिटं ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाचा खटका ओढायचा सराव). कागदच नको, कोरी भिंत पुरते.

पुंगळीवेचक

दशमीटर, ५०० ग्रॅमच्या खटक्याची चैन करणाऱ्यांनी आम्हाला सल्ले देऊ नयेत (हलके घ्या). पण बोट की आवाज हे घरबसल्या वाद घालून कळणार नाही. साधी टेस्ट आहे. खटका, मॅगझिन दुसऱ्याला भरायला सांग, मधे मधे दोन-तीन डमी (न उडणारी खोटी) काडतुसं घालायला लाव, कुठे ते तुला माहीत नको. डमी आली की नुसता खट् आवाज येतो. तेव्हा नळीचं तोंड खाली बुडालं तर तू आवाजाला घाबरतोयस. नुसतं बाजूला सरकलं तर दशमीटर जिंकला.

आणि खट् झालं की लगेच स्लाइड ओढू नकोस हं. ती डमी आहे हे तुला माहीत नसतं, उशिरा पेटणारं खरं काडतूस पण असू शकतं. तोंड टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांब, मग ओढ.

खटका_ओढू

ठीक आहे, पुढच्या शनिवारी. तोपर्यंत पिस्तुलावर आणखी शिव्या नाहीत.

अवांतर: काल शेजारच्या लेनमधली गरम पुंगळी उडून माझ्या कॉलरमधे गेली. जिवाचा नुसता थयथयाट होतो, हात आपोआप मानेकडे जायला बघतो आणि हातात भरलेलं पिस्तूल! कसंबसं बोट बाहेर काढलं, तोंड पुढेच ठेवलं, पिस्तूल खाली ठेवलं आणि मग नाचलो. मानेवर अजून डाग आहे. बंद गळ्याचा शर्ट घाला रे.

चिंगी९

हो! आणि टोपी. चष्म्याच्या आत पण जाते पुंगळी, टोपीच्या छपरावरून बाहेर पडते.

खटका_ओढू

झाली टेस्ट. मित्राने १० गोळ्यांत ३ डमी घातल्या.

पहिल्या डमीला नळी अशी खाली गेली की मागे उभा असलेला मित्र मोठ्याने हसला, कानावर मफ असूनही मला ऐकू आलं. दुसरीला कमी. तिसरीला जवळपास हललीच नाही, कारण तोपर्यंत लाजेने हात घट्ट झाला होता. पुंगळीवेचक, घे, जिंकलास.

पण थांब. मग मी हाच खेळ माझ्या मोठ्या पिस्तुलावर केला, आणि तिथेही नळी बुडाली! थोडीशी, पण बुडालीच. म्हणजे हे दुखणं माझं जुनंच होतं, मोठ्याचं वजन ते झाकून घेत होतं, छोट्याने चव्हाट्यावर आणलं. आता हा छोट्याचा दोष की गुण, ते तुम्हीच ठरवा. मी पहिल्या दिवशी लिहिलं की पिस्तूल नीट जमलेलं नाही, ते मागे. नवशिक्याबद्दलचं चिंगीने आधीच मोडीत काढलंय. करंगळीचं मात्र मागे घेत नाही. खाली लांब बूड असलेलं मॅगझिन लावून बघितलं, तीन बोटं बसली, गट निम्मा झाला, अंगठा बाजूला ठेवला तर स्लाइडही दरवेळी थांबली.

जुनी_माशी

लांब बूड लावलंत म्हणजे घडीच्या छत्रीला काठी बांधलीत. मग मोठीच का नाही वापरत?

दशमीटर

आणि डावीकडे जाणाऱ्या गोळ्यांचं काय झालं? नळी खाली बुडत होती हे कळलं, डावीकडचं उत्तर अजून नाही दिलंस. सोयीस्कर विसरलास.

खटका_ओढू

@दशमीटर डावीकडे अजून जातातच, थोड्या. बोट पहिल्या पेरावर आणलं की मधे येतात, पाच-सहा गोळ्यांनी बोट आपोआप पुन्हा आत सरकतं. तू पण अर्धा जिंकलास, बस?

@जुनी_माशी कारण लांब मॅगझिन फक्त रेंजवर लावायचंय काका.

चिंगी९

डमीचा रंग कोणता होता? आमच्याकडच्या लालभडक आहेत, मॅगझिनला मागून जी बारकी भोकं असतात ना गोळ्या मोजायला, त्यातून सरळ दिसतात. मी दोनदा नळी न हलवता पास झाले आणि मग लक्षात आलं की मी मॅगझिन लावतानाच बघून ठेवत होते 😐