इंटर्नशिपचा वैताग आलाय, सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा, म्हणजे नक्की करायचं काय?

खडू_डस्टर

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

माझी टीचिंग इंटर्नशिप चालू आहे, अर्ध्याच्या आसपास आलीय. शिकवायची हौस म्हणून या लाईनला आले, कोणी ढकललेलं नाही, सराव पाठ पण बरे गेले होते. पण आता रोज पूर्ण वेळ शाळेत असते तर कळेचना की मी इथे आहे कोण. वर्ग माझा नाही, नियम माझे नाहीत, कोणी कुठे बसायचं ते पण मी ठरवत नाही, गोंधळ झाला की मात्र तो माझा. मेंटॉर मॅडम मागे बसलेल्या असतात आणि पाठ जरा रंगात आला की मधेच उठून "अगं तसं नाही" म्हणत स्वतःच सांगायला लागतात, मग पुढचा सगळा तास पोरं त्यांच्याकडे बघून उत्तरं देतात. एकाने तर सरळ विचारलं, मॅडम तुम्ही खऱ्या टीचर आहात का? आता यावर काय बोलणार.

त्यात कोणी रजेवर गेलं की बदली तास इंटर्नच्याच गळ्यात. रात्री पाठ टाचण लिहा, तक्ते करा, आणि इतकं करून निरीक्षण वहीत शेरा काय, तर "वर्ग नियंत्रण सुधारावे". कसं सुधारावे ते कुठल्या वहीत लिहिलंय? माझ्या बरोबरची एक दुसऱ्या शाळेत आहे, तिच्या मेंटॉर एकदम भारी, तिचे स्टेटस बघितले की उरलासुरला मूड पण जातो.

घरी बोलले की अनुभव मिळतोय ना, पॉझिटिव्ह राहा. राहते हो, पण म्हणजे करू काय? प्लीज "होईल सगळं नीट" टाईप उत्तरं नकोत.

शेवटचा_बाक

"वर्ग नियंत्रण सुधारावे" हा शेरा न मिळालेला इंटर्न मला अजून भेटायचाय. निरीक्षकांना दुसरं काही सुचलं नाही की तो लिहितात.

आणि खऱ्या टीचर आहात का, यावर माझं ठरलेलं उत्तर होतं: हो, आणि गृहपाठही खराच आहे. पुढे कोणी विचारलं नाही.

मधली_सुट्टी

खडू, आधी एक सांगू का, पॉझिटिव्ह राहायचा प्रयत्नच सोडून दे. चिडचिड होतेय तर होऊ दे, ती दाबून वर हसरा चेहरा लावलास तर घरी जाईपर्यंत दुप्पट दमशील. मी बरीच वर्षं शिकवतेय आणि अजूनही काही दिवस असे जातात की स्टाफरूममध्ये कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

आता जरा तुझीच पोस्ट परत वाच. मी कोण, मला काय म्हणाले, माझ्याकडे कोण बघतंय. टोमणा नाही हा, हे अगदी ठरलेलं आहे. फ्रान्सिस फुलर म्हणून अमेरिकन अभ्यासक होत्या, त्यांनी १९६९ मध्येच मांडून ठेवलंय की नव्याने शिकवणाऱ्यांच्या काळज्या सुरुवातीला स्वतःभोवती असतात, मला जमतंय का, पोरं मला मानतात का, तपासायला आलेले काय म्हणतील. पोरांना काय कळलं काय नाही ही काळजी मागाहून येते. म्हणजे तुझ्यात काही कमी आहे असं नाही, तू त्या टप्प्यावर आहेस एवढंच. पण तो टप्पा आपोआप संपायची वाट बघत बसायची गरज नाही, थोडं ढकलता येतं.

मी काय करायचे सांगते. तास संपायला चार-पाच मिनिटं राहिली की प्रत्येकाला कागदाचा चिटोरा, त्यावर आज शिकवलेल्यातलं एकच गणित किंवा एकच प्रश्न, नाव घालायचं नाही, जाता जाता टेबलवर ठेवायचं. मार्क नाहीत काही नाही. संध्याकाळी ते चिटोरे वाच. बरोबर-चूक मोजू नकोस, चुकीची उत्तरं वेगळी काढ आणि बघ की एकच चूक किती जणांनी केलीय. एवढ्या पोरांनी सारखंच चुकीचं उत्तर लिहिलं म्हणजे त्यामागे काहीतरी विचार आहे, तो शोधायला मजा येते, खरंच येते. आणि त्या वेळात मॅडम काय म्हणाल्या हे डोक्यात येत नाही, हा आपला बोनस.

ते स्टेटस म्यूट कर बाकी. तिच्या वर्गातले चिटोरे ती स्टेटसला टाकत नाही.

दुरेघी

मी तुमच्या त्या मागे बसणाऱ्या पार्टीतली. म्हणजे मेंटॉर :) दरवर्षी इंटर्न येतात माझ्याकडे.

मॅडम मधेच उठतात त्याचं समर्थन करत नाहीये, पोरांसमोर तोडणं बरं नाहीच. पण आमच्या बाजूने काय दिसतं ते ऐक. तुम्ही जाणार, मग तो वर्ग परत आमचा, पोर्शन आमच्या डोक्यावर, आणि एखादी गोष्ट चुकीची रुजली की ती उपटायला पुढचा आठवडा जातो. त्यामुळे फळ्यावर काही चुकतंय असं दिसलं की खुर्चीत बसवत नाही. शिवाय इंटर्नला कसं शिकवायचं हे आम्हाला बऱ्याचदा कोणीच शिकवलेलं नसतं, तुम्हाला निदान मार्गदर्शक तरी आहेत!

तुला एक उपाय सांगते, बघ जमतो का. पाठ झाल्यावर "कसा झाला" विचारू नकोस, त्याला उत्तर "ठीक" एवढंच मिळतं. पाठ सुरू व्हायच्या आधी टाचण दाखव आणि म्हण, मॅडम आज तुम्ही फक्त माझे प्रश्न बघाल का, मी कोणाकोणाला विचारते, मागच्या बाकांपर्यंत पोचते का, तेवढं लिहून ठेवाल? एकदा हातात काम आलं की माणूस लिहिण्यात गुंततो, उठत नाही. आणि जे मिळेल ते शेऱ्यासारखं मोघम नसेल. मधे बोलण्याबद्दल पण बोल, पण तक्रारीच्या सुरात नको, असं म्हण की मी काही चुकीचं लिहिलं तर मला हाताने खूण करा, मी स्वतः दुरुस्त करते, म्हणजे पोरांसमोर माझंच सांगणं राहील. बहुतेक जणी ऐकतात. माझ्या एका इंटर्नने मला हेच सांगितलं होतं, मला राग वगैरे आला नाही, उलट बरं वाटलं की ही विचार करतेय.

खडू_डस्टर

धन्स सगळ्यांना! शेवटचा_बाक, ते उत्तर चोरणार आहे.

दुरेघी ताई, हे असं आधी काम देऊन बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या टाचण दाखवताना विचारते, पोटात गोळा येतोय पण विचारते.

पण गोंगाटाचं काय? शिकवताना ठीक असतं, पण वह्या काढा म्हटलं की बाजार, गट करा म्हटलं की बाजार. ओरडायचं नाही असं ठरवलंय आणि न ओरडता कोणी ऐकत नाही.

तासाची_घंटा

बघ, तूच उत्तर दिलंयस. शिकवताना ठीक, वह्या काढताना बाजार. म्हणजे दरारा कमी पडतोय असं नाहीये, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना जी फट राहते तिथे लोच्या आहे.

जेकब कूनिन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी शेकडो तास वर्गांचं निरीक्षण केलं आणि १९७० मध्ये जे छापलं त्यात गंमत अशी की गडबड झाल्यावर शिक्षक काय करतो, ओरडतो की समजावतो की शिक्षा करतो, यावरून शांत वर्ग आणि गोंधळाचा वर्ग यांत फरक करताच येईना. फरक होता तो गडबड व्हायच्या आधी. सगळीकडे लक्ष आहे हे पोरांना जाणवतंय का, एका वेळी दोन गोष्टी सांभाळता येतात का, आणि एक काम संपून दुसरं सुरू होताना खंड पडतो का. तुझी तिसरीच अडचण आहे बहुतेक.

म्हणून "वह्या काढा" हे पहिलं वाक्य नको. आधी फळ्यावर गणित लिही, मग सांग की हे गणित वहीत, तारीख घालायची, सोडवून झालं की पेन खाली, आणि हे सगळं सांगून झाल्यावर म्हण, आता वह्या काढा. वही उघडली की हाताला काम तयार. तू उलटं करत असशील तर मधली दोन मिनिटं पोरं मोकळीच असतात, मग बोलणार नाहीत तर काय करतील. गटांचं पण तेच, कोण कोणाबरोबर, कुठे, काय करायचं, हे सगळं खुर्च्या हलायच्या आधी.

अजून एक, प्रश्न विचारलास की थांब. मेरी बड रो म्हणून विज्ञान शिक्षणातल्या बाई होत्या, त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब येतात, एरवी गप्प असणारी पोरं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. तीन सेकंद वर्गासमोर उभं राहिलं की भयंकर लांब वाटतात, मनात आकडे मोज हवं तर.

पाटी_पेन्सिल

सगळे छान सांगतायत, मी जरा वेगळं बोलते, कारण या असल्या धाग्यांवर शेवटी सगळा भार इंटर्नवरच येतो, तूच बदल, तूच शीक, तूच समजून घे.

काही गोष्टी तुझ्या नाहीतच. बदली तास कधीतरी ठीक, रोज रोज असेल तर तू इंटर्न नाहीस, फुकटातली स्टाफ आहेस. तारीख, तास, कोणाच्या जागी, एवढं एका कागदावर लिहीत जा आणि महिना भरला की मार्गदर्शकांसमोर ठेव. नुसतं "खूप तास देतात" म्हटलं तर ऐकून सोडून देतात, लिखित यादी समोर आली की बोलावं लागतं. पोरांसमोर अपमान होत असेल, मधे बोलणं नाही, अपमान म्हणतेय, तर तोही त्याच कागदावर. यात निगेटिव्ह काही नाही.

आणि झोप. हाताने रंगवलेला तक्ता रात्री एकपर्यंत जागून करायचा आणि सकाळी पेंगत शिकवायचं, यात पोरांना काय मिळालं? फळ्यावर काढ आकृती, पोरांसमोर काढलेली त्यांना जास्त कळते.

इंटर्नशिप करून कोणाला कळलं की हे आपल्याला नाही करायचं, तर तेही चालतं. माझी एक मैत्रीण बाहेर पडली, आता पाठ्यपुस्तकांचं संपादन करते, मजेत आहे. तू बाहेर पड म्हणत नाहीये गं, तुझ्या पोस्टवरून तुला शिकवायला आवडतं हे दिसतंय. दार उघडं आहे एवढं माहीत असलं की आत बसायला त्रास कमी होतो.

मधली_सुट्टी

पाटी_पेन्सिल, तक्त्याबद्दल हजार वेळा +१. यादीबद्दलही.

खडू, एक राहिलंच. इंटर्नशिपचा मधला काळ सगळ्यात वाईट असतो हे लक्षात ठेव. एलन मॉयर यांनी १९९० मध्ये नवीन शिक्षकांच्या पहिल्या वर्षाचे टप्पे सांगितले होते, आधी उत्सुकता, मग कसंबसं तगणं, मग भ्रमनिरास, त्यानंतर परत उभारी. त्यांचं ते पूर्ण वर्षाबद्दल आहे, पण इंटर्नशिप पण साधारण तशीच जाते असं माझं मत.

खडू_डस्टर

अपडेट द्यायला आले. मॅडमना विचारलं. आधी माझ्याकडे बघतच राहिल्या, मग म्हणाल्या बरं. एका कागदावर बाकांचा नकाशा काढून ज्याला ज्याला प्रश्न विचारला तिथे खूण करत बसल्या. खिडकीच्या बाजूला एकही खूण नाही!! मला पत्ताच नव्हता. मधे एकदाच उठल्या, परत बसल्या. चालतंय.

बदली तासांची यादी सुरू केलीय. वह्यांचं गणित-आधी वालं काम करतंय, गटांचं अजून नाही.

पण आज वेगळंच झालं. सहावीला अपूर्णांकांची बेरीज घेतली, छेद समान करून, उदाहरणं पण भरपूर दिली, वर्गात सगळे हो हो करत होते. चिटोऱ्यावर १/२ + १/३ घातलं आणि निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलं २/५. वर वरची बेरीज, खाली खालची. आता उद्या नियम परत सांगू का? तीच उदाहरणं परत घेऊ?

मधली_सुट्टी

नियम परत सांगू नकोस, त्यांनी तो ऐकलाय. २/५ फळ्यावर लिही, कोणाचं ते न सांगता, आणि विचार की हे १/२ पेक्षा मोठं की लहान. तीन सेकंद थांब :) कोणीतरी म्हणेल लहान. मग विचार, अर्ध्यात आपण अजून काहीतरी मिळवलं, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? पुढे बोलू नकोस, भांडू देत त्यांना.

तासाची_घंटा

आणि भांडणात कोणी ऐकेना तर कागदाच्या पट्ट्या ठेव हाताशी.

खडू_डस्टर

पट्ट्या किती लांबीच्या घेऊ? तक्त्याचे कागद उरलेत बरेच.

तासाची_घंटा

१२ सेंटीमीटर घे. अर्धी ६, तिसरा भाग ४, जोडल्या की १० होतात, म्हणजे बारातले दहा, ५/६. आणि २/५ म्हणजे १२ पैकी ४.८, तेवढा तुकडा पण एक कापून ठेव, अर्ध्या पट्टीशेजारी ठेवला की आखूड दिसतो. प्रत्येक बाकावर एक सेट पुरे, आणि वाटायच्या आधी काय करायचं ते सांगून टाक.

खिडकीकडच्यांना विचार आधी.